नऊ बायांच्या गाण्याची चाल

आमचे इतिहासाचे सर हजेरी घेतानासुद्धा बोटांनी टेबलावर ठेका धरीत. दारव्ह्याच्या शाळेत सगळे त्यांना ‘चालवाले सर’ म्हणत, कारण गाण्याचे नुसते शब्द लिहून आणणाऱ्याला ते परत पाठवीत. “शब्द आणले, अन् चाल कुठी ठेवली? बाजारात इसरला का बे?”

दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून जुने गाणे शिकायचे, त्यातली गावे, माणसे, विहिरी स्वतः जाऊन पडताळायच्या आणि मग ते शनिवारच्या तासाला वर्गासमोर गायचे, असा त्यांचा नेम होता. गायल्याशिवाय गाणे सरांच्या वहीत चढत नसे. एकदा एका मुलाचा आवाज फाटला आणि वर्ग हसला. सर म्हणाले, “हसू नका रे पोट्टेहो. त्याच्या आजाचाबी असाच फाटत असन. थोबी इतिहासच हाय.”

नववीत असताना मी फुलसावंगीला आईच्या मावशीकडे राहून विहीर खणतानाचे एक गाणे शिकले. माती वाहणाऱ्या नऊ बायांची नावे त्यात एकेका ओळीत गुंफलेली होती. त्या विहिरीच्या दगडावर मात्र एकट्या पाटलांचे नाव होते. मी दोन्ही उतरवून आणले. वाचता वाचता सरांचा ठेका थांबला. “पोरी, दगडानं लपवलं थे गाण्यानं सांगतलं. आता गा.”

मी उभी राहिले. ओठ उघडले, पण आवाज निघाला नाही. पुढच्या दोन शनिवारी तेच झाले. सर रागावले नाहीत. “राहू दे. धीर आला का गाजो. पण मनातल्या मनात रोज म्हणत जाय.”

त्या उन्हाळ्यात मावशी वारली. ती चाल जाणणारी मी एकटीच उरले, आणि मी ती रोज म्हणत नव्हते.

धीर यायला मला तीस वर्षे लागली. गेल्या वर्षी सर अंथरुणाला खिळल्याचे कळले आणि मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी लगेच ओळखले. “गायले आली का वं?”

मी दार लोटून घेतले आणि सुरुवात केली. नऊही नावे मला पाठ होती. चाल मात्र आली ती आमच्या घरच्या आरतीची. दुसऱ्या ओळीवरच मी थांबले. 

“माह्यंच चुकलं,” सर म्हणाले. “तुले सगळ्याइसमोर उभं केलं. एकटीले बसवून आयकलं असतं, तं चाल राह्यली असती. मले काहून सुचलं नाही?”

त्यांचे काही चुकले नव्हते, एवढेच मला सांगायचे होते. तेही माझ्या तोंडून निघाले नाही. मी त्यांच्या पाया पडले आणि बाहेर आले.

चौथ्या दिवशी सर गेले.