आप्पांची दहा मीटरची चाल

चालणं हा शिकायचा विषय असू शकतो, हे आमच्या कबनूरच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं. मी कोल्हापुरात विद्यापीठात व्यायामशास्त्र शिकते म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी पोरीला उड्या मारायला पाठवलंय असा अर्थ काढला. मीही अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. कोण पोक काढून बसतं, कुणाचा खांदा उतरलाय, हे ज्याला त्याला ऐकवत फिरायचे.

दुसऱ्या वर्षी चालण्याच्या प्रकल्पासाठी पन्नाशी ओलांडलेला एक निरोगी माणूस आणायचा होता. मी आप्पांना, माझ्या वडिलांना, नेलं. तीस वर्षं यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस. तापानं झोपलेला मी कधी पाहिला नव्हता. फक्त हल्ली ते उजवी चप्पल घासत चालायचे आणि तिचं टोक लगेच झिजायचं. आळस, दुसरं काय, असं मला वाटे. बसमध्ये मी त्यांना बजावलं, तिथं पाय घासू नका, माझ्या मार्कांचा प्रश्न आहे. लहानपणी पाय घासते म्हणून तेच मला रागवायचे, त्यामुळं जरा मजाही वाटली.

प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. फरशीवर चिकटपट्टीनं आखलेल्या दहा मीटरवरून कॅमेऱ्यासमोर ते सहा वेळा चालले, छाती काढून, पंधरा ऑगस्टच्या कवायतीसारखे. सर म्हणाले, वडील खणखणीत आहेत तुझे. मी अहवालात ‘चाल सामान्य’ असं लिहिलं. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले.

चार महिन्यांनी आप्पा दोन मागांच्या मधल्या बोळात पडले. कमरेत नस दबून पाऊल लुळं पडत चाललं होतं. डॉक्टरांनी मलाच विचारलं, चप्पल घासत होते का, पाऊल उचलायला जड जायचं का? ही लक्षणं मी परीक्षेत पाठ करून लिहिली होती. फार उशीर केलात, ते म्हणाले. ऑपरेशन झालं, पण पावलात जोर आला नाही. आता आप्पा घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरतात. पूर्वी ते काम आई करायची.

परवा मी ते चित्रण पुन्हा काढून पाहिलं. अहवालाला जोडताना शेवटचा तुकडा मी कापला होता, मोजणी संपली होती म्हणून. त्यात आप्पा शेवटची पट्टी ओलांडतात, माझ्याकडे बघून हसतात आणि दाराकडे वळतात. तिथून चपलांपर्यंत त्यांचा उजवा पाय फरशीवर घासत जातो. मला माझी इतकी चीड कधीच आली नव्हती.

तेव्हाच का नाही सांगितलंत, असं मी त्यांना विचारलं. ते कांडी भरत होते. मान वर न करता म्हणाले, “लई जड झालता पाय. सा येळा उचलला की तरी. तुझं मार्क जात हुतं न्हवं?”