पावसावर ढकललेले पराभव

लाजेची एक गोष्ट माणूस लपवतो. दुसरी घडली की पहिलीचे ओझे थोडे हलके होते. पाच-सहा साठल्या की त्या आपोआप किस्से होतात, आणि चहा ओतता ओतता लोक म्हणू लागतात, "मॅडम, तो छत्रीचा सांगा ना!" आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे असेच झाले आहे. सामने आम्ही फारसे जिंकलो नाही. किस्से मात्र एका सीझनला पुरून उरतील इतके आहेत.

मी भौतिकशास्त्र शिकवते. फुटबॉलची प्रभारी कशी झाले, हे सांगण्यासारखे नाही, तरी सांगते. ज्या बैठकीत प्रभारी निवडायचा होता, त्या बैठकीला मी गैरहजर होते. क्रीडाशिक्षक मयेकर सर उपस्थितांच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "घर्षण, वेग, दिशा... सगळा मॅडमचाच विषय आहे." ठराव एकमताने मंजूर झाला.

संघाची कप्तान मुस्कान, मिरकरवाड्याची. तिची लांब, उंच किक पाहिली की मयेकर सरांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते पगाराच्या दिवशीही दिसत नसे. गोलकीपर तेजश्री, केळशीची, आमच्या हॉस्टेलवर राहणारी. उंच, निर्भय आणि भयंकर आज्ञाधारक. रत्नागिरीत मुलींचा दुसरा धड संघ नसल्यामुळे जिल्ह्याच्या नावानेही आम्हीच उतरत असू. आणि स्पर्धा भरत त्या नेमक्या पावसात, किंवा पाऊस जाता जाता. त्यामुळे आमची प्रत्येक स्ट्रॅटेजी हवामानावर आधारलेली असे आणि प्रत्येक पराभवही.

* * *

पहिला किस्सा माझ्या शास्त्राचा.

ऑक्टोबरातला सकाळचा सामना. पाऊस ओसरलेला, पण वारा असा की कॉर्नरची निशाणे काठीसकट वाकलेली. मी मैदानाच्या मधोमध उभी राहून रुमाल हवेत धरला, बऱ्याच वेळा धरला, आणि निष्कर्ष दिला: वारा डोंगराकडून येतो आहे आणि स्थिर आहे. टॉस जिंकलो तर पहिला हाफ वाऱ्याच्या विरुद्ध खेळावा, कारण तेव्हा पायांत दम असतो. दमल्यावर दुसऱ्या हाफमध्ये वारा आपल्या बाजूने!

मुस्कानने टॉस जिंकला. पोरी पहिला हाफ छाती काढून वाऱ्याशी झुंजल्या. एकच गोल खाल्ला. मी मनातल्या मनात दुसऱ्या हाफचे पेढे वाटले.

मध्यंतरात डोंगराकडचा वारा पडला. संघांनी बाजू बदलल्या आणि समुद्राकडून वारा सुटला, आधीच्यापेक्षा जोरात! तेजश्रीने मारलेली गोलकिक वर गेली, थबकली आणि तिच्याच डोक्यावरून कॉर्नरला गेली.

सामना संपल्यावर मुस्कान अत्यंत आदराने माझ्याजवळ आली.

"मॅडम, हाफटाइमला वाऱ्यानेही बाजू बदलायची, असा नियम आहे का?"

सकाळी जमिनीकडून, ऊन चढल्यावर समुद्राकडून: हा धडा शाळेच्या भूगोलात असतो. मी त्या दिवशी घरी जाऊन तो पुन्हा वाचला नाही. पाठ होता.

* * *

दुसरा मयेकर सरांच्या संशोधनाचा.

जांभ्या दगडावर पावसाळ्यात जे शेवाळ धरते, त्यावर माणूस उभा राहत नाही, फक्त आडवा होतो. आमच्या मुलींकडे स्टडचे बूट नव्हते. साधे कॅनव्हासचे होते. सर एका सकाळी काथ्याच्या सुंभांचा भारा घेऊन आले. "आमच्या आजोळी पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना म्हातारी माणसं पायाला हेच बांधत. कधी कोणी घसरलं नाही!"

प्रत्येकीच्या बुटाला सुंभाचे वेढे बसले. सरावात प्रयोग यशस्वी झाला. कोणी घसरले नाही, हे मी स्वतः नोंदवले. सराव कोरड्या मैदानावर होता, हे मात्र नोंदवले नाही.

सामन्याच्या दिवशी चिखल. पायपुसण्याचा धर्म चिखल पुसून घेण्याचा, आणि काथ्याने तो निष्ठेने पाळला. मध्यंतरापर्यंत प्रत्येकीच्या पायाशी एकेक भाकरी तयार झाली होती. तेजश्री किक मारायला पाय उचलत होती आणि पाय येत नव्हता.

रेफरीने खेळ थांबवला. खाली वाकून पाहिले, बोटाने टोचून पाहिले आणि माझ्याकडे वळला.

"मॅडम, संघ आत न्या आणि ही पायपुसणी दाराबाहेर काढून ठेवा!"

* * *

छत्रीचा किस्सा लोकांना फार आवडतो. का, ते मला समजत नाही.

पत्र्यावर वाजणाऱ्या पावसात सरांचा आवाज मैदानात पोचत नसे. म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या. काळी छत्री मिटलेली, म्हणजे सगळ्यांनी मागे राहायचे. छत्री उघडली, म्हणजे सगळ्यांनी पुढे. "सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी!" असे त्यांनी तीनदा बजावले होते.

सामना बरोबरीत चालला होता. सर छत्री मिटून, स्वतः भुरभुर पावसात भिजत, निश्चल उभे होते. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली आणि मैदानाभोवती बसलेल्या शेदीडशे प्रेक्षकांनी एकदम छत्र्या उघडल्या.

आमचा संघ सुटला! बचावपटू सुटल्या, मधल्या फळीच्या सुटल्या आणि सर्वांच्या पुढे, दोन्ही हात पसरून, तेजश्री. मयेकर सर मिटलेली छत्री डोक्यावर नाचवत "ही बघा! ही बघा!" असे ओरडत होते. समोरच्या संघातल्या एका मुलीने शांतपणे चेंडू रिकाम्या गोलात नेऊन ठेवला. मारलाही नाही. ठेवला.

"अगं, गोल सोडून कुठे निघालीस?" सरांनी नंतर विचारले.

तेजश्री रडवेली झाली होती. "सर, तुम्ही एकटे नको म्हणत होतात. बाकी सगळं पब्लिक पुढे जा म्हणत होतं!"

* * *

लांज्यात नुकताच मुलींचा संघ निघाला होता, त्यांच्याशी सामना होता. त्या चपळ, कोरड्या मैदानावर आमचे काही चालले नसते. सरांनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायचे ठरवले. मी देवळात गेले ती केवळ संघाची प्रभारी म्हणून. माझी मते सर्वांना ठाऊक आहेत. गुरवाने नारळ हातात घेतला, सरांनी मागणे सांगितले: सामन्याच्या वेळी सडकून पाऊस पडावा. "व्हय म्हाराजा!" असा गजर झाला. त्यात एक आवाज माझाही होता, असे मुस्कान सांगते. ती पायऱ्यांखाली चपला राखत उभी होती, तेव्हा तिला खात्रीने सांगता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

आम्ही बाहेर पडतो तोच लांज्याचे सर नारळ घेऊन पायऱ्या चढताना दिसले. मागे त्यांचा अख्खा संघ. त्यांना ऊन हवे होते, हे निराळे सांगायला नको.

गुरवाने त्यांचा नारळ घेतलाच नाही. दोन्ही सरांना समोरासमोर उभे केले.

"आधी तुमी दोगं बाहेर बसून काय ता एक ठरवा. मंग देवाला सांगा. त्याला कशाला उगाच अडचणीत टाकता?"

सामन्याच्या दिवशी ऊन होते आणि पाऊसही होता. शून्य-शून्य. दोघांनीही नवस फेडला.

* * *

पुढचा मी सहसा सांगत नाही. सांगितला तर पहिला अर्धा भाग सांगते, लोक हसतात आणि मी थांबते.

संस्थेने संघाला पांढरी जर्सी दिली. निवड समितीत तीन पुरुष आणि मी. "पांढरा रंग कसा शोभून दिसतो," असे एकजण म्हणाले. मी शिलाई तपासली, मापे तपासली.

पहिल्याच सामन्यात पाऊस आला. आमच्या मुलींचे धावणे हळूहळू थांबले. त्या एकमेकींजवळ सरकत गेल्या. खांद्याला खांदा लावून, हात छातीशी घट्ट बांधून, गोलासमोर उभ्या राहिल्या. चेंडू आला की कोणीतरी एक पाय पुढे करी. भिंतच झाली. समोरच्यांना शेवटपर्यंत गोल करता आला नाही.

त्यांचे कोच धावत येऊन मयेकर सरांना म्हणाले, "काय कॉम्पॅक्ट डिफेन्स आहे हो! असा झोनल डिफेन्स मी पाहिला नाही. प्रॅक्टिस कशी करून घेता?"

"रोज सकाळी सहाला," सर अभिमानाने म्हणाले.

इथपर्यंत लोक हसतात.

मुस्कान पाठमोरी चालत माझ्याकडे आली. "मॅडम, तुमची ओढणी मिळेल?" मी दिली. ती तिने स्वतः घेतली नाही, तेजश्रीच्या गळ्यात टाकली. मग इकडे तिकडे पाहिले आणि विचारले, "अजून कोणाकडे आहे?"

* * *

आता शेवटचा.

आंतरजिल्हा सामने आमच्या मैदानावर होते. राज्याच्या शिबिरासाठी खेळाडू निवडणारे गृहस्थ येणार होते. आधीची दोन्ही वर्षे ते आले होते आणि पावसाने सामना रद्द झाल्यामुळे मुस्कानला चेंडूला पाय लावताना न पाहताच परत गेले होते. वयोमर्यादेनुसार तिचे हे शेवटचे वर्ष. या खेपेस तिला त्यांनी पाहिले नाही, तर पुढे कोणी पाहणार नव्हते.

समोर घाटावरचा संघ. जमिनीवरून छोटे छोटे पास देत जाणारा, शिस्तीचा. त्यांच्यापुढे मुस्कानच्या पायाला चेंडू लागणेच कठीण, असे सरांचे मत.

आदल्या दिवशी सर स्टाफरूममध्ये सहज म्हणाले, "मॅडम, मैदानात बोटभर पाणी असेल, तर घरंगळणारा चेंडू किती लांब जाईल हो?"

असे प्रश्न मला कोणी विचारत नाही. मी फळ्यावर पूर्ण गणित करून दाखवले. घरंगळणारा चेंडू पाच-सात पावलांत मरेल. उंच मारलेल्याला मात्र फरक पडणार नाही. "उंच मारलेल्याला नाही ना? बस्स," सर म्हणाले आणि फळा स्वतः पुसला.

रात्रभर पाऊस कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मैदान म्हणजे तळे! बोटभर नव्हे, घोटाभर पाणी. रेफरीने चेंडू वरून सोडला. तो उसळला नाही, तरंगला. निवडीचे गृहस्थ गाडीतून उतरलेच नाहीत. "दुपारपर्यंत पाहू. नाहीतर मला पुढच्या गावी निघायला हवं."

मुस्कान गोलपोस्टला टेकून उभी होती.

आंबा घाटाच्या वळणांनी पाहुण्यांचा अर्धा संघ ओकून आलेला, पण त्यांची कप्तान प्रतीक्षा सरळ आमच्या मेसमध्ये शिरली आणि थाळ्या घेऊन बाहेर आली. "चला गं! एवढं लांब आलोय ते पाणी बघायला व्हय?" त्यांच्या पोरी थाळ्यांनी पाणी उपसू लागल्या. मग आमच्याही. ज्यांच्या पासांना अडवण्यासाठी ते पाणी होते, त्याच ते उपसत होत्या.

पाणी हटेना. प्रतीक्षाने कंबर सरळ केली. "हितलं पाणी एरवी जातं तरी कुठनं?"

"कोपऱ्यात मोरी आहे," मुस्कान म्हणाली आणि तिकडे निघाली.

"मुस्कान, राहू दे!" मयेकर सर ओरडले. "जनावर असेल तिथे, डसेल!"

ती पालथी पडली. खांद्यापर्यंत हात आत घातला आणि जांभ्याचा एक चिरा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा. फटींत गोणपाट नीट कोंबलेले होते, वर चिखल लिंपलेला होता. सर आकाशाकडे पाहत होते. मला स्टाफरूममधला पुसलेला फळा दिसत होता.

"कुणी घातली गं ही दगडं?" प्रतीक्षाने विचारले.

मुस्कानने सरांकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी बोलायला हवे होते. ती वाट पाहत राहिली, आणि मग तीच म्हणाली, "पावसाने वाहून आली असतील."

प्रतीक्षाने एक चिरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "तुमच्यातला पाऊस लय गुणाचा की! दगडं ओळीनं रचतोय, वर चिखलाचा गिलावाबी करतोय!"

त्यांच्या पोरी खो खो हसल्या. आमच्या पोरी आपापल्या पायांकडे पाहत होत्या. मोरीतून पाणी घळघळ वाहू लागले.

सामना झाला. तीन-शून्य हरलो. शिबिरासाठी त्यांची प्रतीक्षा निवडली गेली आणि आमची मुस्कान. दोघींना शिबिरात खोलीही एकच मिळाली आहे.

परवा मुस्कानचा फोन आला. सराव जोरात आहे, जेवण बरे आहे, गुडघा ठीक आहे.

"आणि प्रतीक्षाशी जमतं ना?" मी विचारले.

"छान जमतं, मॅडम. फक्त ती रोज सकाळी विचारते, 'तुमच्या गावचा पाऊस आज काय बांधतोय गं?'"

"मग तू काय सांगतेस?"

"मी सांगते, मॅडमना विचारून सांगेन."