आजची टेकडी

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला धड सांगता येत नाही. आईचं तसं नाही. कळमेश्वरकडच्या खेड्यात नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून तिचा नेम आहे. श्रावणातल्या शुक्रवारी नाल्यापलीकडची देवीची टेकडी डोळ्यांनी पाहायची, मगच घास घ्यायचा. शहरात धरमपेठेत राहायला आल्यावरही मी तिला दरवर्षी गाडीनं नेत असे. यंदा खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली. शुक्रवारी तोंड मिटून बसली, आणि उपाशीपोटी गोळ्या देता येईनात. मी काढलेला जुना फोटो दाखवला तर म्हणाली, "हे मांगच्या सालचं दर्शन होय वं. मले आजचं पाह्यजे." मी चिडले. पण तिला वहिनीच्या हवाली करून कॅमेरा घेऊन निघालेच.

पाऊस मुसळधार होता. नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेलेला. अलीकडून मोबाइलमध्ये टेकडीच्या जागी नुसता पांढरा पट्टा दिसे. मोठी लेन्स लावली तर तिच्यावरही धुकं. पावसातले फोटो काढण्यात माझी हयात गेली, आणि चूक केली ती नवशिक्याची: घाईत कॅमेरा गाडीच्या एसीसमोर ठेवला होता. बाहेरच्या दमट हवेत येताच गार काचेवर वाफ धरली. पुसावी तर पुन्हा धरे. आई तिकडे उपाशी होती. बांधावर उभी राहून मी रडले आणि देवीला नाही नाही ते बोलले.

कपाशीतून डोक्यावर प्लास्टिकची पन्नी घेतलेली एक म्हातारी आली. "काहून रडून राहिली वं?" मी सगळं सांगितलं.

"पुसू नको त्याले. उबेत ठेव, सुकते आपोआप."

हे मी दुसऱ्यांना शिकवते! पण त्या घडीला सुचलं नव्हतं. तिनं मला खोपटात नेलं, कॅमेरा कोरड्या लुगड्यात गुंडाळून चुलीपाशी मांडीवर घेतला आणि तंबाखू मळत बसली. "चूप बस आता." मी बसले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कितीतरी वर्षांनी मी कॅमेरा डोळ्याला न लावता, दारातून टेकडीच्या दिशेनं नुसती पाहत राहिले. मागितलं काहीच नाही, तरी मन निवत गेलं.

मग पाऊस ओसरला, ढग वर सरकले आणि टेकडी वरच्या देवळाच्या कळसापर्यंत उघडी झाली. काचही स्वच्छ होती. चार फोटो मिळाले, तोवर ढग पुन्हा उतरले.

घरी आईनं फोटोला हात जोडले आणि वरण-भात मागितला. ती म्हातारी कोण होती, असं वहिनी अजून विचारते. मी काय सांगू? तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. तिचे उपकार मात्र जन्मभर फिटायचे नाहीत. हात टेकल्यावरच कुणीतरी आपला हात धरतं, एवढं मी त्या खोपटात शिकले.

ताट समोर आलं तेव्हा आईनं विचारलं, "तू काही खाल्लं का वं?"

सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंबही नव्हता. नकळत, टेकडी पाहिल्याशिवाय मीही जेवले नव्हते. आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला.