दाराआडचा कावळा

डिलाईल रोडच्या त्या चाळीत राधाबाईच्या खानावळीचं दार कधी लागत नसे. लागणार कसं? पहिल्या पाळीचे गडी सकाळी डबा घेऊन निघत तेवढ्यात तिसऱ्या पाळीचे येऊन पथारीवर पडत, आणि दुसऱ्या पाळीचे तर रात्री उशिरा जेवायला येत. गिरणीचा भोंगा थांबेल तेव्हा दार लागेल, असं राधाबाई म्हणायची, आणि भोंगा काही थांबत नव्हता. म्हणून दार आत उघडून बाजूच्या भिंतीकडे रेटलेलं, ते परत फिरू नये म्हणून कडीला सुतळी बांधून भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेली. दाराची जी बाजू खोलीकडे यायची तिच्यावर गड्यांचे सदरे टांगलेले असत.

खोली केवढी म्हणाल, तर चार माणसं आडवी झाली की पाचव्याने गॅलरीत जागा बघावी. भिंतीवर प्रत्येक गड्याची एक खुंटी, खुंटीखाली त्याची पत्र्याची ट्रंक, वर त्याचा त्याचा देव. भिंत म्हणून काही दिसतच नसे. आवडी लग्न होऊन संगमेश्वराकडून या खोलीत आली तेव्हा तिने नवऱ्याला हळूच विचारलं होतं, "अवो, माझी खुंटी कंची?"

गुणाजी, राधाबाईचा मुलगा, हसला. "सगळी खोलीच तुझी गो," म्हणाला. बोलायला काय जातं! माणूस वाईट नव्हता. गिरणीत साचा, म्हणजे माग, सांभाळून यायचा, जेवायचा, गॅलरीत पडायचा, आणि बायकोने लुगडं कुठे टांगावं हा प्रश्न त्याला त्या दिवसानंतर पुन्हा पडला नाही. आवडीने लुगडं उशाखाली ठेवलं.

चुलीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून नळापर्यंत, एवढंच तिचं फिरणं. भाकऱ्या थापायच्या, म्हावरं साफ करायचं, ताटं घासायची, तोवर पुढची पाळी दारात उभी. मुंबई मुंबई म्हणून गावात नुसता गाजावाजा, आणि हिला त्या मुंबईतलं दिसायचं काय, तर समोरच्या चाळीची गॅलरी आणि गिरणीची चिमणी. माहेरी आंगण होतं. भादव्यात गौरी यायच्या आदल्या दिवशी आख्ख्या वाडीतून तिला बोलावणी येत, कारण आवडीसारखी गौरीची पावलं कुणाला जमत नसत. मूठ वळायची, करंगळीकडची कड तांदळाच्या ओल्या पिठात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची, की पाऊल उमटलं. वर बोटाने पाच टिंबं दिली की पाच बोटं. उंबऱ्यापासून देवापर्यंत ती अशी पावलं उमटवत जायची आणि मागून बायका म्हणायच्या, बघा, खरंच कुणी चालत आलंय. इथे पावलं उमटवायला जमीन होती कुठे? गौर आली ती गड्यांच्या वळकट्या ओलांडून आली.

पण एक जागा होती. उघड्या दाराच्या मागे भिंतीशी तिकोनी सांदर राहायची. महिन्याचे दिवस आले, कावळा शिवला, की राधाबाई बोट दाखवायची आणि आवडीने तिथे जाऊन बसायचं. गोणपाट, तांब्या, थाळी वेगळी. कशाला शिवायचं नाही. ते दिवस राधाबाई एकटी चूल सांभाळायची आणि जाता येता बडबडायची. आधीच कोंडलेल्या बाईला आणखी कोंडायचं ते असं. आणि गंमत बघा, आवडीला ती जागा आवडायची. तिथे कुणी भाकरी मागत नसे.

गणपतीच्या आधी गुणाजीने भिंतींना चुना मारायला काढला, तेव्हा ती अशीच आड बसली होती. उरलेल्या चुन्याची बादली त्याने दारामागे सरकवली आणि बादली कलंडून चुना गोणपाटाकडे वाहू लागला. आवडीने हाताने तो अडवला, हात भरला. उठायला म्हणून तिने मूठ दारावर टेकली, आणि बघते तर दाराच्या जुन्या हिरव्या रंगावर पांढरंशुभ्र पाऊल. हात सवयीचा. कळायच्या आत बोटाने वर पाच टिंबंही देऊन मोकळा.

मग तिच्या लक्षात आलं. गौरीचं पाऊल, आणि अशा दिवसांत! राधाबाईने पाहिलं तर जिवंत ठेवणार नाही. तिने पदराने पुसायला घेतलं तर चुना जाईना, उलट खाली फराटा ओढला गेला. फराटा शेपटीसारखा दिसला. आवडी थबकली. पाऊल नाही राहिलं की पाप नाही राहिलं, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं असावं. तिने डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं, पावलाला एक डोळा दिला, एक चोच दिली. पाच बोटांचा तुरा झाला. दारावर एक पांढरा कावळा बसला होता आणि तिच्याकडे तिरका बघत होता.

"शिवलास तो तूच होय रे मेल्या," ती पुटपुटली, आणि तिला हसू आलं. तोंडात पदर कोंबला तरी आवरेना. या खोलीत ती अशी पहिल्यांदाच हसली होती.

पुढच्या महिन्यात कावळ्याला छत्री मिळाली. मग सोबत आली. दिवस जवळ आले की आवडी भेंडीचे देठ आणि अर्धा कांदा पदरात बांधून ठेवायची. चुना तर तंबाखूवाल्या गड्यांच्या खोलीत कधी कमी नसतो. तुळशीच्या डब्याला लावायची तांबडी काव थोडी करवंटीत लपवलेली. भेंडीच्या देठाचं फूल उमटे, कांद्याच्या वेढ्यांचं चाक, आणि मुठीतून काय वाट्टेल ते. गिरणीतल्या मुकादमाची, जॉबरची टोपी घातलेली मांजर. डबा घेऊन जिना चढणारा बांगडा. अंगठ्याच्या ठशांच्या मुंग्या, रांगेने गिरणीकडे निघालेल्या, शेवटची मुंगी जांभई देणारी. तिची ती खुंटी होती म्हणा, घर होतं म्हणा. उठताना ती दर वेळी सुतळीची गाठ ओढून बघायची. दार फिरलं की चित्रं सगळ्या खोलीसमोर येणार आणि संपलं, हे तिला पक्कं माहीत होतं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर ऐकलं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दगड, टायर, पोलीस, मग गोळीबार, मग कर्फ्यू. भोंगे थांबले. सगळे गडी एकाच वेळी खोलीत, असं त्या खोलीने कधी पाहिलं नव्हतं. खाली पोलिसांनी अश्रुधूर सोडला तो जिन्यावरून वर आला, सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा गुणाजी उठला आणि त्याने विळ्याने सुतळी कापायला घेतली.

"नको," आवडी म्हणाली. "अवो, नको लावू दार."

"घाबरतेस कशाला? लावतोय म्हणून तर धूर थांबेल," गुणाजी म्हणाला आणि त्याने दार फिरवून कडी घातली.

बराच वेळ नुसतं खोकणं आणि नाक ओढणं चाललं होतं. तात्या म्हणजे खानावळीतला सगळ्यात जुना गडी, राधाबाईचा नवरा होता तेव्हापासूनचा, गिरणीत जॉबर. त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, दाराकडे पाहिलं, पुन्हा पुसले.

"ही मांजर माझी टोपी घालून बसलीय," तो म्हणाला.

मग सगळ्यांनीच पाहिलं. कुणी मुंग्या दाखवल्या, कुणी बांगडा. बाहेर माणसं पळत होती आणि आत हे बाप्ये पोट धरून हसत होते. हसली नाही ती राधाबाई.

"कोणी केलं हे?" तिने विचारलं. मग कावळ्याच्या अंगातलं गौरीचं पाऊल तिने ओळखलं. "आवडे, कधी केलंस?"

कधी, हाच तर खरा प्रश्न होता. आवडीने मान खाली घातली. "बाजूला बसते तेव्हा."

बाप्यांसमोर बोलायची गोष्ट नव्हती ती. सगळ्यांनी नजरा वळवल्या. राधाबाईचा आवाज चढला नाही, तेच भयंकर होतं. "गौरीचा हात तुझा. त्या हाताने, त्या दिवसांत, ही थट्टा? बाहेर मुडदे का पडतायत ते आता कळलं मला."

आवडीने दोन्ही हात पदराखाली लपवले.

"मावशी," तात्या म्हणाला, "गोळ्या काय त्या कावळ्याने झाडल्या?"

"तू गप रे. कर्फ्यू उठला की सोड्याने घासून काढायचं सगळं."

पण कर्फ्यू लवकर उठला नाही. गडी बसल्या बसल्या दाराकडे बघत, जनावरांना नावं ठेवत, जांभईवाली मुंगी कोण यावर वाद घालत. तांदूळ तळाला गेले होते. मागच्या चाळीतला एक पोरगा गोळी लागून गेला, त्याच्या आईचा आवाज बंद दारातूनही येत होता. तो आवाज ऐकताना आवडीच्या मनात आलं, की कर्फ्यू उठला नाही तर दार असंच, न घासलेलं राहील. मनात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. पण आलं होतं ते खोटं नव्हतं.

कर्फ्यू उठला. भोंगा झाला, दार उघडलं, नवी सुतळी आली. राधाबाईने नुसतं दाराकडे बोट केलं. आवडी पाण्याची बादली आणि काथ्या घेऊन सांदरीत शिरली आणि बराच वेळ काथ्या भिंतीवर घासत राहिली. ओले हात घेऊन बाहेर आली.

"गेलं सगळं?"

"गेलं, आत्याबाई."

गड्यांना ठाऊक होतं. तात्याने तर येता जाता सुतळीची गाठ आवळून ठेवायची सवयच लावून घेतली. बोललं कुणी नाही.

मग वर्षांवर वर्षं गेली. मोर्चे निघाले, सभा झाल्या, गडी घसा बसवून घरी येत आणि आवडी त्यांना कढत पेज वाढी. तिला मूल होत नव्हतं. त्याचं खापरही राधाबाई कधीमधी दारावर फोडी, देवीच्या पावलाला चोच लावली, आणखी काय होणार म्हणे. दर महिन्याला कावळा शिवला की सासूचं तोंड उतरे, गुणाजी न बोलता गॅलरीत जाई. आवडी दारामागे जाऊन बसे, आणि लाज नि सुटका दोन्ही एकदमच तिच्या अंगावर येत. ती रडायची आणि रडता रडता करवंटीतली काव कालवायची.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत कोण राहील? संध्याकाळी जो तो कंदील आणि रोषणाई बघायला निघाला. ढोल वाजत होते, तात्यासुद्धा फेटा बांधून तयार. गुणाजीने दारातून विचारलं, "तुम्ही दोघी येता काय?" आणि उत्तराला थांबायच्या आत स्वतःच म्हणाला, "पण मग आम्ही येऊ तेव्हा भाकऱ्यांचं काय?"

ढोल दूर गेले. खोली रिकामी. आवडीच्या लग्नापासून ती रिकामी अशी झालीच नव्हती. दोघी परातीशी बसल्या होत्या. राधाबाईचे गुडघे आता दुखत, उठताना ती भिंत धरायची. मध्येच तिने हातातला गोळा खाली ठेवला, उठली आणि सुतळीच्या गाठीला हात घातला.

"आत्याबाई, राहू दे. उकडेल आत."

राधाबाईने दातांनी गाठ सोडली आणि दार लावून घेतलं.

आवडी बघत राहिली. कर्फ्यूच्या वेळी होतं ते काहीच नव्हतं. आता उंबऱ्यापासून वर हात पोचेल तिथपर्यंत दार भरलेलं. टोपीवाल्या मांजरीला पिल्लं झाली होती, बांगडा गॅलरीत विडी ओढत होता, मुंग्या मोर्चाला निघाल्या होत्या. आणि सगळ्यांच्या मधोमध तो पांढरा कावळा. आवडीने शिव्या ऐकायची तयारी केली. उद्या इथे काथ्या फिरणार, आणि या वेळी राधाबाई समोर उभी राहून फिरवून घेणार.

राधाबाई हळूहळू खाली बसली, गोणपाटावरच. "सोड्याचा डबा हलला नव्हता त्या दिवशी," ती म्हणाली. "एवढं कळत नाही होय मला?"

"कळलं होतं, मग..."

"मग काय? मीही बसायची इथेच. मला चित्रं येत नव्हती, मी नुसती झोपायची. सासू शिव्या घालायची नि मी झोपायची. मग माझा कावळा उडून गेला कायमचा. सगळ्या म्हणाल्या, सुटलीस गो राधे." तिने दाराकडे पाहिलं. "त्या दिवसापासून मी एक दिवस बसले नाही, आवडे. एक दिवस नाही. तू इथे बसायचीस ना, तेव्हा चुलीपाशी मला तुझा राग यायचा तो त्याचाच."

 आवडीचे हात पिठात होते. तिने परातीत पाण्याचा हबका मारून पीठ सरबरीत केलं, परात ओढत राधाबाईपाशी नेली आणि सासूचा हात धरला. हात जाडाभरडा, चटक्यांनी भरलेला. त्याची मूठ तिने वळवली, पिठात बुडवली आणि कावळ्याच्या शेजारी जेवढी बोटभर जागा होती तिथे टेकवली. म्हातारीने आपणहून वर पाच टिंबं दिली. मग आवडीने डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन तिच्यापुढे धरलं.

राधाबाईने चोच जरा वाकडी काढली. डोळा मात्र नेमका बसला. दोघी तिथेच बसून राहिल्या, चुलीवर तवा नुसताच तापत होता.

जिन्यावर पावलं वाजली, गडी गाणी म्हणत वर आले. दार बंद बघून गाणं थांबलं. कडी वाजली. "आई," गुणाजीचा आवाज आला, "दार का लावलंत? भूक लागलीय सगळ्यांना."

आवडी उठायला लागली. राधाबाईने तिच्या लुगड्याचा काठ धरून तिला खाली बसवलं.

"वाजू दे," ती म्हणाली. "कावळा ओला आहे अजून."