दाजी वर, मीटर खाली

नगरपालिकेच्या डेपोतल्या गाड्यांच्या वायरिंगचा हा कारागीर. गल्ली त्याला मीटर म्हणते. मोजल्याशिवाय विश्वास ठेवेल तर शपथ! लग्नाआधी त्याने बायकोचाही व्होल्टेज तपासला असणार, असं आजूबाजूच्या बायका छातीठोकपणे सांगतात. त्याच्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, त्याला टोमणा मारल्याशिवाय दिवस जात नाही.

पण त्या दुपारी दाजींच्या टोमण्यातला जोर ओसरत चालला होता. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या गाडीच्या पाळण्यातून ते तीन मजले वर गेले आणि तिथेच लटकले. त्यात साखरेचा आजार, जेवण राहिलेलं. पाळणा हाताने उतरवायचा दांडा डेपोतच विसरलेला. ड्रायव्हरने फोन केला आणि मीटर धावत आला.

"मेव्हणेबुवा, आज तरी लवकर मोजा!" वरून आवाज आला. दाजी कठड्यावर रेलले होते.

"दाजी, खाली बसा. उभे राहू नका!"

पाळणा चालतो तेलाच्या पंपावर आणि पंपाला इंजिनाची ताकद मिळते ती पीटीओच्या, म्हणजे गिअरबॉक्सला लावलेल्या जोडणीतून. जोडणी बसली, अशी खबर सेन्सर देतो. खबर नसेल तर तेल बंद, पाळणा जागच्या जागी.

"सेन्सर डायरेक्ट करा की," ड्रायव्हर म्हणाला. "दोन वायरी पिळल्या, काम झालं."

मीटरलाही मोह झाला. पण जोडणी खरंच अर्धवट बसली असेल, तर गिअरचे दात झडतील आणि दाजी वरच राहतील. त्याने व्होल्टेज मोजायच्या यंत्राच्या सुया सेन्सरच्या वायरीला लावल्या. इंजिन बंद, चावी चालू : खबर येतेय. म्हणजे जोडणी ठीक, सेन्सरही ठीक. इंजिन चालू केलं : खबर गायब. म्हणजे इंजिनाच्या थरथरीने काहीतरी सुटतंय. वायर!

"दाजी?"

पाळण्याच्या कठड्यावर आता फक्त त्यांची बोटं दिसत होती.

"दाजी, शिव्या तरी द्या हो!"

"…देतो. उतरल्यावर."

इंजिन बंद करून तो गाडीखाली सरपटला. वायरीवर बोटं फिरवत गेला आणि एका लोखंडी पट्टीशी थांबला. प्लॅस्टिकच्या टायने वायर लोखंडाच्या धारेवर आवळलेली, आतली तार तुटून नुसती टेकलेली. टाय दुहेरी, टोकं बेताने कापलेली. असं नीटनेटकं काम अख्ख्या डेपोत एकच माणूस करतो. गेल्या आठवड्यात हे मीटरने स्वतःच केलं होतं.

तार सोलली, पिळली, टेप गुंडाळली, वायर धारेपासून दूर घेतली. इंजिन लागलं, जोडणीच्या खबरीचा दिवा पेटला, पाळणा हळूहळू खाली आला. पांढरेफटक दाजी पायरीवर बसले. ड्रायव्हरने बिस्किटं आणि गोड चहा पुढे केला.

"कुठल्या गाढवाने बांधली होती?" दुसऱ्या घोटानंतर दाजींना कंठ फुटला.

"बाहेरच्या गॅरेजवाल्याने असेल," ड्रायव्हर म्हणाला.

मान डोलावली असती की मीटर सुटला असता.

"मी," मीटर म्हणाला. "आणि अशाच अजून दोन गाड्या बांधल्यात. कुठे आहेत त्या?"

दाजींच्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं. त्यांनी फोन काढून त्यातल्या एका गाडीच्या ड्रायव्हरला लावला.

"पाळण्यात कोण आहे? …त्याला आधी खाली घे. का ते नंतर विचार. खाली घे म्हणतो ना!"

दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन वाजत होता, पण कोणी उचलत नव्हतं. मीटरने हत्यारांची पेटी उचलून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवली.

"चला," दाजी म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.