तीन बाँड पेपर

आमच्या भावकीत नवरा-बायकोचं भांडण मिटवायची एक पद्धत आहे. नवऱ्याने मारलं की दोन्हीकडची मोठी माणसं ओट्यावर बसतात, चहा होतो आणि बाँड पेपरवर त्याच्याकडून लिहून घेतात: यापुढे हात उचलणार नाही. खाली त्याची सही, साक्षीदारांच्या सह्या. मग सगळे जेवून जातात. माझ्या सासरी, बावड्यात, माझ्यासाठी असे तीन कागद झाले. मी ते लाइट बिलांच्या फाइलमध्ये लावून ठेवले. मला कुठलाच कागद टाकवत नाही.

तिसऱ्या कागदानंतर दोन महिन्यांत नवऱ्याने माझं मनगट मोडलं. मी मुलीला घेऊन बारामतीत आले, दोन खोल्या घेतल्या आणि हात बरा झाल्यावर पुढच्या खोलीत शिवणक्लास सुरू केला. तो तिथंही यायला लागला. समोरच्या टपरीवर बसायचा आणि क्लास सुटला की बायकांना अडवून विचारायचा, "आत कोण कोण येतं?" सहा जणींनी येणं बंद केलं. तो त्या दारापासून लांब राहावा, एवढंच मला हवं होतं.

बावडा इंदापूर तालुक्यात, म्हणून अर्ज इंदापूरच्या कोर्टात केला. वकीलबाईंकडे जाताना यादी केली: दवाखान्याचे कागद, हाताचे फोटो, टपरीवर त्याला पाहिलेल्या तारखा. बाँड पेपर मात्र मी बाजूला काढले. तीनदा मिटवून घेतलं, मग आता कोर्ट कशाला, असं म्हणतील, अशी भीती वाटली. बोलता बोलता ते मी वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, मी मारतो असं त्याने सही करून दिलंय, आणि तुम्ही ते घरी ठेवून आलात?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते नेऊन दिले.

तारखेला माझे चुलत सासरे त्याच्या बाजूने साक्षीला आले. भावकीतली भांडणं मिटवण्यात त्यांचं नाव आहे. व्हरांड्यात मला म्हणाले, "सूनबाई, हितं कशाला यायचं? म्या सांगतो त्याला."

"तात्या, तुमी तीनदा सांगितलं."

"चौथ्यांदा सांगू की!"

आत त्यांनी ठणकावून सांगितलं, पोराने कधी बोट लावलं न्हाय. वकीलबाईंनी तिसरा कागद त्यांच्यापुढे धरला. ही सही कुणाची? "माझीच." मग वरचा मजकूर खोटा का? तात्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग न्यायाधीश मॅडमकडे.

"म्या खोट्यावर सही करत न्हाय," ते म्हणाले.

आदेश मिळाला. घराजवळ यायचं नाही, क्लासजवळ यायचं नाही, फोन करायचा नाही. मी पाच झेरॉक्स काढल्या. एक पोलीस ठाण्यात दिली, एक पर्समध्ये ठेवली, एक क्लासच्या दाराला आतून चिकटवली.

पुढच्याच आठवड्यात तो टपरीवर दिसला. मी बायकांना म्हटलं, कटिंग चालू ठेवा. ठाण्यात फोन लावून आदेशाचा नंबर सांगितला. बाहीचा कट पूर्ण व्हायच्या आत पोलीस आले आणि त्याला गाडीत बसवून घेऊन गेले.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. "सूनबाई, झालं गेलं. एक कागद करून मिटवून टाकू."

"तात्या, कागद झालाय."

फोन ठेवला आणि उद्याच्या यादीत पहिलं काम लिहिलं: सोडून गेलेल्या सहा जणींना फोन.