ताटाखालचा ओला टॉवेल

मंडळी, आज दुपारी मी सख्ख्या मोठ्या भावावर जळलो. लपवत नाही.

दादा जहाजावर नोकरीला आहे. सात महिन्यांनी जानेफळला आला. जेवायला बसताना सवयीनं ताटाखाली ओला टॉवेल अंथरला. जहाज हललं की ताट घसरतं म्हणे.

"अजून उलट्या होतात काय रे तुले?" आईनं विचारलं.

"हाव माय. लाटा मोठ्या असल्या की दोन-दोन दिवस पोटात काही ठरत नाही."

लगेच आईचे डोळे भरले, त्याच्या भाकरीवर तूप आलं. ट्रॅक्टर चालवून माझी कंबर महिनाभर धरली आहे, मला कोणी विचारलं? मला तर त्याच्या उलट्यांचाही हेवा वाटला.

तेवढ्यात दादानं माझ्याकडे पाहिलं. "वाकडा काऊन बसला बे? कंबर दुखते काय?"

सांगा, अशा भावावर माणसानं सुखानं जळावं तरी कसं?